आडनावाचे ऋण

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नवी वही काढतो, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितो आणि मग खातेदारांची नावे मांडू लागतो. शाळामास्तराची वही त्याच्या पुष्कळ आधी उघडलेली असते. तिच्यात देणेघेणे नसते. नुसती नावे आणि त्यांच्यापुढे हजर-गैरहजर. परंतु वर्षानुवर्षे ती नावे रोज मोठ्याने वाचता वाचता माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला आहे. तो फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न असा : मनुष्य ज्या आडनावाने ओळखला जातो ते त्याने निवडलेले नसते. तो जन्मतो तेव्हा ते पाळण्याशी त्याची वाट पाहत असते. मग त्याच आडनावाच्या दुसऱ्या कोणा माणसाने थोर कृत्य केले तर त्याचा अभिमान याने का बाळगावा? आणि वाईट कृत्य केले तर त्याची लाज याला का वाटावी? बाळगायचीच झाली तर ती किती?

कोणी म्हणेल, हा रिकामपणाचा उद्योग आहे. मला तसे वाटत नाही. “आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही” हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळा. सोयरीक जुळवताना, बिऱ्हाडासाठी खोली मागताना, नोकरीच्या दारात उभे राहताना माणसाच्या आधी त्याचे आडनाव आत जाते. खेड्यात नवखा पोरगा दिसला की ओट्यावरचा म्हातारा विचारतो, “कोणाचा रे तू बापू?” तू कोण, असे तो विचारीत नाही. कोणाचा, असे विचारतो.

मी अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. त्या धंद्यातही हीच अडचण. पात्राला नाव देणे सोपे. आडनाव देणे महाकठीण. आडनाव लिहिले की वाचक त्या बिचाऱ्याची जात, गाव, ताटातले जेवण आणि देव्हाऱ्यातले देव ठरवून मोकळा होतो, आणि उरलेली दोनशे पाने मला त्या निकालाशी झगडावे लागते.

आमच्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखातला हजेरीपट म्हणजे एक लहानसा इतिहासच असतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला; तोवर सगळा एकच जिल्हा होता. त्या पटात एखादा ‘कर’ असतो, म्हणजे त्याचे मूळ कोठल्या तरी गावात आहे. त्याच्या शेजारी ‘वार’ बसतो. ही शेपटी तेलुगूतल्या ‘वारु’ची, अमक्या घरची मंडळी, असा तिचा मानाचा अर्थ. मारोतराव कन्नमवार याच जिल्ह्याचे. १९६२ च्या नोव्हेंबरात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९६३ च्या नोव्हेंबरात, पदावर असतानाच, निवर्तले. मराठी राज्याचा कारभार हाकणाऱ्या माणसाच्या आडनावात तेलुगूचा अंश असावा, आणि त्याचे कोणाला नवल वाटू नये, ही आमच्या मुलखाची रीत.

आणि मग येतात ती येथली जुनी नावे : आत्राम, मडावी, शेडमाके, कोडापे, टेकाम, मरकाम. एका वर्गात चार-चार आत्राम असतात. अहेरीच्या राजघराण्याचे आडनाव आत्राम, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या मजुराचेही आत्राम. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग आणि ‘मरका’ म्हणजे आंबा. टेकामांचे कुळ सागाचे, मरकामांचे आंब्याचे. कुळाच्या झाडाला कुळातल्या माणसाने इजा करू नये, अशी जुनी समजूत. शिवाय ही कुळे चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी वाटलेली. ज्यांच्या देवांची संख्या एक, ती सारी एकमेकांची भावंडे. त्यांच्यात सोयरीक होत नाही. दूरच्या गावचा, कधी न पाहिलेला माणूस भेटला आणि देवसंख्या जुळली, की तो भाऊ झाला. मग त्याला भाकर घालणे आलेच.

येथे मला पहिला धागा सापडतो. या रीतीत आडनाव माणसाला पहिल्याने काय सांगते? तुझा पणजोबा कोण मोठा होता, हे नव्हे. कोणाशी लग्न करू नकोस, कोणाला उपाशी जाऊ देऊ नकोस आणि कोणत्या झाडावर कुऱ्हाड उचलू नकोस, हे ते सांगते. नावाबरोबर मान येवो न येवो, बंधन मात्र येते.

झाडांच्या आडनावांवरून एक परदेशी नाव आठवते. फ्रेंच लोकांत ‘द्युब्वा’ हे फार पसरलेले आडनाव आहे. ‘ब्वा’ म्हणजे रान. ‘द्युब्वा’ म्हणजे रानाकडचा. मध्ययुगात एका गावात एकाच नावाचे चार-पाच जण असले की ओळखीसाठी कोणी म्हणे, तो गिरणीजवळचा, तो पुलाजवळचा, तो रानाकडचा. हजार गावांशेजारी हजार राने. म्हणून एकमेकांशी काडीचेही नाते नसलेली असंख्य घरे या एका आडनावाची झाली. पुढे राजांना आणि सरकारांना नोंदी हव्या झाल्या. १५३९ साली फ्रान्सच्या राजाने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम काढला. १७९४ साली क्रांतिकाळच्या सरकारने तर कायदाच केला, की जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरे नाव कोणी धारण करू नये. ओळखीपुरती म्हटलेली गोष्ट कागदावर गेली आणि कायमची चिकटली.

या आडनावाची तीन माणसे मला विचार करण्याजोगी वाटतात.

पहिले धर्मोपदेशक आबे द्युब्वा. १७९२ साली ते हिंदुस्थानात आले आणि एकतीस वर्षे दक्षिणेत, मुख्यत्वे म्हैसूरकडे, राहिले. त्यांनी येथला पोशाख पत्करला, येथल्या भाषा शिकल्या, देवीच्या साथीत लस टोचण्याच्या कामाला हात लावला. हिंदूंच्या चालीरीतींवरचे त्यांचे हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले आणि १८१६ साली ते इंग्रजीत छापून निघाले. शंभर-दीडशे वर्षे ते पुस्तक प्रमाण मानले गेले. नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की त्यातला पुष्कळ मजकूर त्यांच्या आधीच्या कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याच्या लिखाणावरून उचललेला आहे. श्रम एकाचे, नाव दुसऱ्याचे.

दुसरे यूजीन द्युब्वा. हे हॉलंडात १८५८ साली जन्मले. मानवाच्या पूर्वजाचे अवशेष शोधायचे या एकाच ध्यासाने ते डच सैन्यात डॉक्टर होऊन पूर्वेकडच्या बेटांवर गेले. १८९१ साली जावा बेटात त्रिनील येथे नदीकाठी त्यांना एक कवटी मिळाली, आणि पुढल्या वर्षी मांडीचे हाड. ‘जावा मानव’ म्हणून शाळेच्या पुस्तकांत येतो तो हाच. ध्यास त्यांचा, यात शंका नाही. पण माती उपसली ती सरकारने दिलेल्या कैद्यांनी. त्या कैद्यांचीही काही नावे असतीलच. शोधाला चिकटले ते एकच.

तिसरे अमेरिकेतील निग्रो पुढारी आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. जन्म १८६८. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णी, साल १८९५. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ साली उभ्या राहिलेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्यांना हे फ्रेंच आडनाव आले कोठून? त्यांचे पणजोबा फ्रेंच वंशाचे गोरे गृहस्थ. बहामा बेटांवर त्यांचा गुलामांनी चालणारा मळा होता. तेथल्या एका कृष्णवर्णी स्त्रीपासून त्यांना मुले झाली. बापाच्या मृत्यूनंतर गोऱ्या नातलगांनी त्या मुलांना वाऱ्यावर सोडले. इस्टेट गेली, शाळा सुटली. आडनाव तेवढे उरले. त्या नाकारलेल्या मुलाचा हा नातू. त्याने ते आडनाव टाकले नाही. पण उच्चार मात्र फ्रेंच ठेवला नाही. माझे नाव ‘डू बॉइस’ असेच म्हणा, असा त्याचा आग्रह असे. अक्षरे तुमची, आवाज माझा! आज जगात ते आडनाव घेतले की बहुतेकांना आठवतो तो हाच, ज्याला घरातून बाहेर ठेवले होते त्याचा नातू.

एक नाव आणि तीन माणसे. आबेंच्या उसनवारीचा डाग डू बॉइसना लागतो काय? डू बॉइसच्या कीर्तीचा वाटा एखाद्या फ्रेंच खेड्यातल्या न्हाव्याला, केवळ तो द्युब्वा आहे म्हणून, मिळतो काय? दोन्हींचे उत्तर उघड आहे. मग आपल्या घरापाशी आल्यावर तेच उत्तर आपल्याला का सुचत नाही?

१८५८ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरपाशी लढता लढता पडली. त्याच वर्षी मार्चपासून आमच्या चांद्याच्या रानात बाबूराव शेडमाके हा पंचविशीतला गोंड जमीनदार इंग्रजांविरुद्ध लढत होता. तो हाती कसा लागला? अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी, इंग्रज अधिकाऱ्याच्या दाबाखाली, त्याला पकडून हवाली केले, असे जिल्ह्याचा इतिहास सांगतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले गेले. त्या जमीनदारीणबाईंचेही नाव लक्ष्मीबाईच होते. एकच साल, एकच नाव, आणि दोन वाटा! नावाने माणूस घडत असता तर असे झाले नसते.

म्हणून एक पक्ष असा, की ज्याचे कर्म त्याच्यापाशी; नावगाव मध्ये आणू नका. अपराधाच्या बाबतीत हा पक्ष मला पूर्ण मान्य आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पाळण्यातले पोर चोर! तो कलंक कायद्यातून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि लोकांच्या मनातून तो अजून पुरता पुसला गेलेला नाही. अपराध वारसाने येतो असे म्हणणे हाच मोठा अपराध आहे.

परंतु अपराध वारसाने येत नसेल तर पराक्रमही येत नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. आजा शूर होता म्हणून नातू शूर, हे गणित पहिल्याइतकेच खोटे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात लोक बाबूरावांना अभिवादन करायला जमतात. तेथे एखाद्या शेडमाके आडनावाच्या पोराची छाती फुगते. ती फुगू नये काय? तर्काने पाहता फुगू नये. आणि तरी त्या पोराकडे पाहून मला तर्काचा फुगा फोडावासा वाटत नाही. का बरे?

मला असे वाटते, की येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. अपराध आणि पराक्रम ही करणी आहे, आणि करणी करणाऱ्याबरोबर संपते. पण करणीचे जे फळ मागे उरते ते वारसाला मिळते. बापाचे शेत मुलाच्या नावे झाले तर शेतावरचे कर्जही त्याच्या नावे होते. शेत हवे पण कर्ज नको, असे म्हणणाऱ्याला तलाठीही हसेल. आडनावाचे तसेच आहे. ज्याच्या आडनावामुळे कचेरीत त्याला खुर्ची मिळते, दुकानात उधारी मिळते, मास्तर त्याला पहिल्या बाकावर बसवतो, त्याने नावाचे फळ घेतले आहे. घेतले तितके त्याने फेडले पाहिजे. आजोबाच्या पापाबद्दल त्याने नाक घासावे, असे मी म्हणत नाही. आजोबाने कोणाचे घेतले होते, आणि ते अजून आपल्या घरात आहे काय, एवढे मात्र त्याने प्रामाणिकपणे पाहावे. आणि शेडमाकेंच्या त्या पोराच्या वाट्याला एका हुतात्म्याचे उदाहरण आले आहे. तेही मिळालेलेच, त्याचेही देणे आहे. फुगलेली छाती हा त्या देण्याचा पहिला, अगदी लहानसा हप्ता आहे. पुढचे हप्ते भरले नाहीत तर अभिमान थकबाकीत जातो.

मग ज्यांना आपल्या आडनावापासून फळ असे मिळालेच नाही, मिळाले ते फक्त हेटाळणीचे, त्यांचे काय? त्यांच्यावर कसले ऋण? माझ्या मते काहीच नाही. त्यांना ते नाव ठेवण्याचीही मोकळीक आहे आणि टाकण्याचीही. येथे बाबासाहेब आंबेडकरांची हकिगत आठवते. त्यांच्या घरचे मूळ नाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. त्यावरून शाळेत नाव लागले आंबडवेकर. आणि आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण मास्तरांनी, मुलावर लोभ म्हणून, आपलेच आडनाव पटावर लिहिले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. मास्तराच्या टाकाचा एक फराटा! आज त्या मास्तरांची आठवण निघते ती त्यांच्या विद्यार्थ्यामुळे; आणि ज्या लाखो घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, तेथे आंबेडकर हे नाव कोणत्याही रक्ताच्या नात्याशिवाय घरचे झाले आहे.

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेत डू बॉइसना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे अर्ज गेला होता. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार चालला होता. ३१ जुलैला डू बॉइसनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. त्या पत्रव्यवहाराचा विचार करताना मला राहून राहून त्या दोन सह्या दिसतात. एक आडनाव मळेवाल्या पणजोबाचे, दुसरे मास्तराचे. दोन्ही दुसऱ्यांकडून आलेली, आणि दोघांनीही ती अशी वापरली की मूळ मालकांनी त्यांचा हेवा करावा. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, आणि लगेच १६ ऑक्टोबरला आमच्या चांद्यात, बाबासाहेबांनी आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी आडनावे होती तीच राहिली. पण ती घेऊन मैदानातून परतणाऱ्या माणसांची मान निराळी होती.

तेव्हा नाव बदलणे हा एक मार्ग, आणि नाव तेच ठेवून त्याचा अर्थ बदलणे हा दुसरा. दोन्हींना सारखाच मान असावा. जो नाव बदलतो त्याला “मूळचे काय?” असे खवचटपणे विचारणारा मनुष्य मला क्षुद्र वाटतो.

आता पुन्हा रानाकडे वळू. फ्रान्समध्ये रानाशेजारी राहणाऱ्याला रानाचे नाव मिळाले आणि ते सरकारी दप्तरात चढले. आमच्याकडे उलट झाले. ज्यांच्या आडनावातच साग आणि आंबा, त्यांचे नाव रानाच्या कागदावर कोठेच नव्हते. रान सरकारचे, झाडे खात्याची, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा टेकाम अतिक्रमण करणारा! २००६ साली वनहक्काचा कायदा झाला तेव्हा कोठे हा अन्याय कागदावर कबूल झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाला २००९ साली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली आपला बांबू आपण विकण्याची मोकळीक मिळाली. आणि २०१३ साली त्या गावकऱ्यांनी काय करावे? ग्रामदानाच्या कायद्याखाली आपापल्या नावावरच्या जमिनी गावाच्या नावे करण्याचे ठरवले. इतक्या झगड्यानंतर कागदावर नाव आले, आणि त्यांनी माझे हे नाव आमचे म्हणून लिहायला घेतले.

त्या वनहक्काच्या कायद्यात एक कलम आहे. ते मला फार शहाणपणाचे वाटते. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पतिपत्नी असतील तर तो दोघांच्या नावे लागतो. आणि हक्क असलेल्याने रानाचे व तेथल्या जिवांचे रक्षण करायचे, हेही त्यातच सांगितले आहे. आडनावाकडे पाहण्याची याहून चांगली रीत मला सुचत नाही. ते मिळते, पण त्याचा बाजार मांडता येत नाही. ते एकट्या बापाचे नसते. आईचे नाव त्यात दिसत नसले तरी तिचे श्रम त्यात असतात. आणि त्याच्या सावलीत जे जे राहतात, त्यांची राखण करणे हीच त्याची मालकी.

तेव्हा या दिवाळीला मुलेबाळे मोठ्यांच्या पाया पडतील, तेव्हा आशीर्वादाबरोबर घराण्याच्या गोष्टीही जरूर सांगाव्या. पणजोबांनी विहीर खणली, हे सांगावे. ती विहीर कोणासाठी खुली होती आणि कोणासाठी नव्हती, हेही त्याच श्वासात सांगावे. पोरे घाबरत नाहीत. घाबरतो तो आपण. उद्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याने त्यांना “कोणाचा रे तू?” असे विचारले, तर बापाचे नाव ती सांगतीलच. पण आपण कोणाकोणाच्या उपयोगी पडलो, तेही त्यांना सांगता आले, तर त्या आडनावाचा एक हप्ता फिटला असे मी समजेन.